कूलर, कॉल आणि बाबांची डायरी

होळी झाली की आमच्या घरी बाबा कूलर काढतात. मानेवाड्यातलं आमचं घर जुनं आहे, मागच्या खोलीत वर्षभर प्लास्टिकच्या कापडाखाली झाकून ठेवलेला तो पत्र्याचा धूड कूलर, नागपूरच्या बहुतेक घरांत असतो तसाच, बाबा आणि मी दोघं मिळून खिडकीशी आणतो, मग बाबा तो घासतात, आतून काळा रंग मारतात, पंप पाण्यात सोडून चालतो का बघतात आणि तिन्ही बाजूंचं जुनं गवत काढून नवीन भरतात. हे सगळं झालं की आत जाऊन डायरी आणतात आणि लिहितात, 'कूलर गवत बदलले', पुढे तारीख. बाबा वीज मंडळात होते, लाईनमन म्हणून लागले आणि त्यातच रिटायर झाले. डायरी ही तिथली सवय.

त्या दिवसापासून जूनचा पहिला पाऊस पडेपर्यंत मी ज्या काही मीटिंगा करतो त्या सगळ्या कूलरच्या घरघरीत करतो. कूलर बंद करून पाहिलंय, दहा मिनिटांत लॅपटॉपचा पंखा कूलरपेक्षा मोठ्यानं ओरडायला लागतो. मे महिन्यात पारा पंचेचाळीस-सेहेचाळीसला जातो तेव्हा मशीनला पण दया दाखवावी लागते.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, कंपनी पुण्याची, क्लायंट न्यू जर्सीचा, आणि मी 2020 च्या मे महिन्यात दोन बॅगा घेऊन 'पंधरा दिवसांसाठी' नागपूरला आलो तो इथेच राहिलो. बायकोलाही इथे नोकरी मिळाली, पोरगी इथल्याच शाळेत जाते. पुण्याचा फ्लॅट सोडला, कंपनीनं आधी काही म्हटलं नाही, मग दर महिन्यातून एक आठवडा ऑफिसला या म्हटलं, त्यामुळे आता महिन्याचे तीन आठवडे मी घरी असतो आणि एक आठवडा रस्त्यावर किंवा रेल्वेत किंवा मित्राच्या हॉलमधल्या दिवाणावर. नातेवाईक विचारतात, इथेच नागपूरच्या मिहानमध्ये टीसीएस आहे, इन्फोसिस आहे, एचसीएल आहे, तू पुण्याच्याच कंपनीत काऊन अडकून राहिला? ह्याचं उत्तर माझ्याकडे दर वेळी वेगळं असतं.

तर कूलरचा आवाज. सुरुवातीला मला फार लाज वाटायची, समोर पुण्याची पोरं एसीत बसलेली, क्लायंट तिकडे कार्पेट घातलेल्या ऑफिसात, आणि मी बोलायला तोंड उघडलं की मागे विमान उडतंय असा आवाज. मग मीटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये नॉइज सप्रेशन आलं आणि एकदम शांत झालं. हे कसं चालतं ते मी एका रविवारी बसून वाचून काढलं, कारण मला वाटलं ही जादूच आहे. तर त्या मॉडेलला हजारो तासांचं माणसाचं बोलणं ऐकवलेलं असतं, आणि सोबत पंखे, ट्रॅफिक, कीबोर्ड असले आवाज मिसळून दिलेले असतात, आणि शिकवलेलं असतं की ह्यातलं बोलणं तेवढं ठेव, बाकीचं गाळ. कूलर त्याच्यासाठी सगळ्यात सोपा, एका सुरात घरघरत राहतो. पण त्याच्यापुढे एक गंमत आहे. आई माझ्या मागून बोलत गेली तर ते गाळत नाही. कसं गाळणार, ते पण माणसाचंच बोलणं आहे. म्हणजे कूलर गाळता येतो, आई नाही.

आणि आईला मी कॉलवर आहे हे समजतं पण पटत नाही. मी समोर खुर्चीवर बसलेला दिसतो, मग मी घरी आहे, एवढा साधा हिशोब. एकदा असाच स्टँडअप, म्हणजे टीमची रोजची छोटी मीटिंग, सुरू होता आणि ती दारातून म्हणाली, "सांबार संपला रे, येताना घेऊन ये." आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे पुण्यातल्या लोकांना मी नोकरीच्या पहिल्या वर्षीच समजावलं होतं, पण टीममध्ये चेन्नईचा एक पोरगा आहे, त्याला तेवढाच एक शब्द कळला. तो काही बोलला नाही. पण पुढच्या दोन महिन्यांत हेच वाक्य आणखी तीन-चारदा मागून आलं आणि शेवटी त्यानं मला वेगळा मेसेज करून अगदी आदरानं विचारलं की तुमच्या घरी रोज सांबार संपतं, तुम्ही लोक एवढं सांबार खाता का? मी हो म्हणून टाकलं. आता त्याला नागपूरबद्दल फार प्रेम आहे.

आईनं मात्र एक गोष्ट माझ्याआधी शिकून घेतली, अमेरिकेचं घड्याळ. तिकडे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणतात, त्यामुळे त्यांच्या सकाळी नऊचा कॉल आमच्याकडे उन्हाळ्यात साडेसहाला येतो आणि हिवाळ्यात साडेसातला. म्हणजे उन्हाळ्यात जेवणाच्या आधी, हिवाळ्यात बरोब्बर जेवणाच्या वेळी. मार्च लागला की आई विचारते, तुमच्या अमेरिकेचं घड्याळ फिरलं का? फिरलं म्हटलं की तिच्या कुकरची वेळ पण फिरते. आमच्या घरचा वरणभात न्यू जर्सीच्या वेळेवर शिजतो हे क्लायंटला माहीत नाही, आणि सांगितलं तरी त्याला त्यात काही वाटणार नाही.

ह्याच घड्याळाच्या नादात मला आणखी एक गोष्ट दिसली, जी पुण्यात असताना कधी लक्षातच आली नव्हती. डिसेंबरमध्ये साडेपाचला माझ्या खिडकीत अंधार उतरायला लागतो, आई देवाजवळ दिवा लावते, आणि स्क्रीनवर पुण्याच्या पोरांच्या मागे अजून ऊन असतं. एकाच देशाचं एकच घड्याळ पण नागपूर पुण्याच्या पाच-सव्वापाच अंश पूर्वेला, एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे वीसेक मिनिटं तिथेच गेली, आणि हिवाळ्यात आणखी थोडी. सात-आठ लोक एका मीटिंगमध्ये बसलेले आणि त्यांच्यापैकी माझ्या एकट्याचीच दिवेलागण झालेली. कुणाला सांगणार? आणि ऑफिसात प्रत्येक कामाचं तिकीट काढून नोंद करतात, तसं हे सांगायचं तरी कुठल्या तिकिटावर?

आता प्रवास. खरं सांगायचं तर 2020 च्या आधी पुणे-नागपूर म्हणजे माझ्यासाठी ट्रॅव्हल्सच होती. संध्याकाळी बसायचं, रात्री कुठल्यातरी ढाब्यावर डोळे चोळत उतरायचं, सकाळी पोचायचं. दिवाळीत ह्याच सीटचे पैसे असे वाढायचे की तेवढ्यात माणूस विमानानं जाईल, आणि विमान पाहावं तर ते पण तेवढंच वर गेलेलं. तरी आम्ही विदर्भातली पोरं पुण्यात एवढी होतो की शुक्रवारच्या संध्याकाळी बस सुटायच्या जागी 'काय बे, तू पण जाऊन राहिला का' एवढं वाक्य दहा वेळा ऐकू यायचं. हे 'जाऊन राहिला, करून राहिलो' ऑफिसात दहा वर्षं दाबून ठेवलं होतं. नागपूरला आल्यावर महिन्याभरात परत आलं. आता स्टँडअपला मी बेधडक म्हणतो, त्या बगवर काम करून राहिलो. मॅनेजर पुण्याचा आहे, पेठेतला. तो पण मागच्या महिन्यात 'बघून राहिलोय' म्हणाला आणि स्वतःच दचकला.

11 डिसेंबर 2022 ला समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा सुरू झाला, नागपूर ते शिर्डी, 520 किलोमीटर. पहिल्याच महिन्यात मी मित्राच्या गाडीतून त्यावरून गेलो. ताशी 120 ची मर्यादा, सरळ रस्ता, गाव दिसत नाही, माणूस दिसत नाही, तेव्हा तर खायला-प्यायलाही काही नव्हतं, आईनं दिलेले धपाटे गाडी कडेला न थांबवता खाल्ले. मला तो रस्ता आवडला असं म्हणू की नाही ते आजही ठरत नाही. जुन्या रस्त्यानं जाताना तळेगाव आलं, मेहकर आलं, जालना आलं असं अंगात उतरत जायचं, इथे फक्त इंटरचेंजच्या पाट्या. पण वेळ वाचतो हे खरं आणि वेळ वाचतो म्हटलं की आमच्यासारख्यांचं तोंड बंद होतं.

मग 1 जुलै 2023. नागपूरहून पुण्याला निघालेली ट्रॅव्हल्सची बस समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ मध्यरात्रीनंतर उलटली, पेटली, 25 माणसं गेली. मी त्या रात्री घरीच होतो, माझ्या खोलीत झोपलेलो. सकाळी टीव्हीवर बातमी लागली आणि आईनं येऊन मला हलवून उठवलं. काय झालं म्हटलं तर काही नाही म्हणाली. मी घरी आहे हे तिला माहीत होतं, रात्री तिनंच वाढलं होतं मला. तरी उठवून पाहिलं. त्यानंतर मी रात्रीच्या बसमध्ये बसलो नाही, घरात त्यावर चर्चा झाली नाही, कुणी मनाई केली नाही, फक्त पुढच्या वेळी बाबांनी स्वतः जाऊन स्टेशनवरून रेल्वेचं तिकीट काढून आणलं. ऑनलाईन निघतं बाबा, मी म्हटलं. म्हणाले, माहीत आहे.

रेल्वेनं मग दोन वर्षं महाराष्ट्र एक्सप्रेस केली, गोंदियाहून येते, सगळीकडे थांबते, कोल्हापूरला जाते. 10 ऑगस्ट 2025 ला अजनीहून पुण्याची वंदे भारत सुरू झाली आणि माझं बरंच सोपं झालं, 881 किलोमीटर, बारा तास, सकाळी दहाच्या आत निघायचं आणि रात्री दहाच्या सुमारास पुण्यात. फक्त ती दिवसा जाते, म्हणजे सुट्टी टाका नाहीतर गाडीतून काम करा. मी काम करतो. करतो म्हणजे, नेटवर्क करू देईल तेवढं. वर्ध्यापर्यंत बरं असतं, बडनेऱ्याच्या पुढे मधूनच जातं. घरच्या फायबरवरून मुंबईच्या सर्व्हरला माझा पिंग, म्हणजे तिथं जाऊन परत यायचा वेळ, वीस-बावीस मिलिसेकंद येतो, तोच गाडीतून मोबाईलच्या हॉटस्पॉटवर कधी ऐंशी, कधी चारशे, कधी काहीच नाही. व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारा सुरक्षित रस्ता, तुटला की परत लॉगिन, लॉगिनला ओटीपी, ओटीपीला नेटवर्क. तेव्हा लॅपटॉप बंद करून मी खिडकीबाहेर पाहतो, कपाशी, तूर, मधूनच एखादं संत्र्याचं शेत, आणि कबूल करतो की त्या वेळी मला कुणाचाच फोन लागू शकत नाही ह्याचं फार बरं वाटतं. घरी मी आठ तास बसलेला असतो पण पोरीनं चित्र दाखवलं तर 'हो छान' एवढंच म्हणतो, न पाहता. एकदा तिनं मुद्दाम कोरा कागद दाखवला. मी छान म्हणालो. आणि अकोल्याच्या पुढे कुठेतरी, तीनशे किलोमीटर लांब, मला ते आठवून एकदम कसंतरी होतं आणि मी तिला व्हिडिओ कॉल करायला जातो तर रेंज नाही.

शेगावची गोष्ट सांगायची राहिली. शेगाव आलं की आमच्या भागातला माणूस गाडीतून हात जोडतो, गजानन महाराज, ह्यात विचार करायचा प्रश्नच नाही, हात आपोआप वर जातात. तर दुपारचा कॉल सुरू होता, कॅमेरा ऑन, मॅनेजर सांगत होता की पुढच्या तिमाहीत टीममधले दोन जण कमी होतील आणि काम तेवढंच राहील. गाडी शेगावला लागली. मी डोळे मिटून दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. तो बोलायचाच थांबला. मग म्हणाला, आय नो, इट्स टफ. मी काही खुलासा केला नाही. त्या तिमाहीत माझ्यावर काम जरा कमीच आलं. महाराजांची कृपा म्हणायची, दुसरं काय. (कचोरी मिळाली नाही, गाडी थांबतेच किती वेळ.)

पुण्यातला आठवडा असाच निघून जातो, त्यात सांगण्यासारखं विशेष काही नाही. संत्रा बर्फीचे तीन डबे नेतो, तासाभरात संपतात, मग सगळे आपापल्या जागेवर हेडफोन लावून एकमेकांशी कॉलवर बोलतात. ऑफिसला बोलावलं ते ह्यासाठी.

मला खरं तर ऑन-कॉलबद्दल, म्हणजे काही बिघडलं की रात्री-बेरात्री उठायच्या पाळीबद्दल, लिहायचं होतं, बाकीचंच फार झालं. दर पाच आठवड्यांतून एक आठवडा माझ्या फोनवर अलर्टचं ॲप असतं. सर्व्हर पडला, डिस्क भरली, काही अडकलं की ते असं कोकलतं की शेजारचं कुत्रं उठतं. आमच्या लहानपणी ऑन-कॉल बाबा होते, फक्त हा शब्द नव्हता. मे-जूनच्या वादळात झाड तारेवर पडलं, लाईन गेली, की रात्री घरी फोन यायचा नाहीतर कुणीतरी सायकलवर निरोप घेऊन यायचं, आणि बाबा टॉर्च, पक्कड, हातमोजे घेऊन निघायचे. आम्ही भाऊबहीण गच्चीवर अंधारात बसायचो. तासाभरानं, दोन तासांनी लांबून एकेक मोहल्ला उजळत यायचा, आधी तिकडचा, मग मधला, मग आमचा, आणि पोरं 'आली आली' म्हणून ओरडायची. मी म्हणायचो, माझ्या बाबांनी आणली. मी मध्यरात्री काही दुरुस्त केलं तर कुणी ओरडत नाही. डॅशबोर्डवरचा लाल ठिपका हिरवा होतो. तो पण मीच पाहतो.

दरवर्षी तान्ह्या पोळ्याला पोरीला घेऊन मी महालात मारबतीची, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची, मिरवणूक पाहायला जातो, काळी मारबत, पिवळी मारबत, पुढे बडगे, सव्वाशेच्या वर वर्षांची रीत आहे, आणि सगळे बोंबलतात, इडा पिडा घेऊन जा गे मारबत. मागच्या वेळी माझी ऑन-कॉलची पाळी नुकतीच संपलेली. गर्दीत मी पण जोरात ओरडलो, बग, रोलबॅक, रात्रीचे अलर्ट घेऊन जा गे मारबत. शेजारचा एक अनोळखी पोरगा वळून म्हणाला, भाऊ, आयटीमध्ये आहात का?

तर गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली गोष्ट. पहाटे साडेपाचला फोन कोकलला. बरोब्बर साडेपाच. ग्रीनिचला तेव्हा मध्यरात्र असते, तारीख बदलते, आणि तारीख बदलली की जी गोष्ट संपते ती संपली होती, एका सर्व्हरचं सर्टिफिकेट. म्हणजे ब्राउझरला 'हा सर्व्हर खरा आहे' असं सांगणारा दाखला, त्याला मुदत असते, तेव्हा जास्तीत जास्त 398 दिवसांची, मुदत संपली की सर्व्हर अगदी ठणठणीत असला तरी सगळे त्याच्याशी बोलणं बंद करतात. बाकी सगळ्या सर्व्हरवर आम्ही हे आपोआप नवं होईल असं करून ठेवलंय, हा एक जुना, क्लायंटच्या कोपऱ्यातला, हातानं करायचा. नवीन मागवायचा अधिकार ज्या माणसाकडे तो सुट्टीवर, त्याच्या जागी जो होता त्याला पासवर्ड माहीत नाही. तिकडे रात्रीचे आठ, कॉलवर चौदा लोक, आणि चौदापैकी बारा फक्त काही अपडेट आहे का एवढंच विचारायला आलेले.

तेवढ्यात आमच्याकडची लाईन गेली. कूलर घरघरत घरघरत थांबला आणि घरात एकदम इतकी शांतता झाली की मला माझाच आवाज मोठा वाटायला लागला. राऊटर इन्व्हर्टरवर होता म्हणून कॉल टिकला. बाबा गच्चीवर झोपलेले, उन्हाळाभर तिथेच झोपतात, ते खाली आले. मला वाटलं लाईनचं पाहायला आले, डीपीकडे जातील. पण ते समोर खुर्ची ओढून बसले. मी म्यूट केलं.

"कोनाची लाईन गेली?"

"अमेरिकेतल्या कंपनीची, बाबा."

"फ्यूज उडाला?"

"नाही. एक कागद असतो, त्याची तारीख संपली."

बाबा थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "तारीख लिहून नव्हती ठेवली?"

चौदा लोक, पाच टाइमझोन नसतील तरी तीन तरी, एवढ्या मोठमोठ्या हुद्द्यांची माणसं, आणि त्या दीड तासात एकानंही हा प्रश्न विचारला नव्हता. मी काही बोललो नाही. बाबांनी चहा ठेवला. साडेसातच्या आसपास नवीन सर्टिफिकेट चढलं, ठिपका हिरवा झाला. आमची लाईन त्याच्या आधीच आली होती, कूलर कधी सुरू झाला माझ्या लक्षातही आलं नाही, सॉफ्टवेअरनं गाळला असणार. बाबांनी डायरी आणून विचारलं, आता पुढची तारीख कोणती? मी सांगितली, पुढच्या वर्षीच्या जूनमधली. त्यांनी चष्मा लावून लिहिलं. नंतर पाहिलं मी, 'गॅसची नळी बदलणे' आणि 'कूलर उचलून ठेवणे' ह्याच्या मध्ये लिहिलंय, 'पोट्ट्याच्या ऑफिसचे सर्टिफिकेट'.

मध्ये मी त्यांना सांगितलं की आता नियम बदललाय, 15 मार्च 2026 नंतर दिलेली सर्टिफिकेटं 200 दिवसच चालतील, आणि 2029 मध्ये तर मुदत 47 दिवसांवर येणार आहे. "मग नवी डायरी लागन," ते म्हणाले.

परवा कूलरमध्ये पाणी भरत होतो, पाईप धरून उभा, स्टँडअपला पाच मिनिटं होती, तर बाबा आतून म्हणाले, "तुमच्या त्या सर्टिफिकेटचं पाहिलं का रे कोनी?" मी पाईप तसाच कूलरमध्ये सोडला आणि आत येऊन टीमच्या ग्रुपवर विचारलं.

कुणीच पाहिलं नव्हतं. आणि तिकडे कूलर भरून पाणी हॉलमध्ये आलं.